पिवळ्या भिंतीवरचं मांजर

"घट्ट झालं का?"

"झालं की बोंबलेन. मांडी माझीच आहे."

तरी ताईने धाकटीच्या मांडीवरच्या पट्ट्याखाली बोटं घालून पाहिली. दोन बोटं जात होती, तिसरं जात नव्हतं. म्हणजे माप बरोबर. मग तिने दुसरा पट्टा स्वतःच्या मांडीला बांधला आणि दोघींच्या मधली लवचिक दोरी एकदा ताणून सोडली. पट्टे तिने स्वतः शिवले होते. ती पडद्यांच्या दुकानात कापड कापायची. जाड पडद्यांच्या वरच्या कडेला आतून जी कडक पट्टी लावतात, तिचेच हे पट्टे. असा पट्टा पाण्यात पिळवटत नाही, आणि मांडीला रुतला तरी वळ लवकर जातात, हे तिने एकामागून एक चार पट्टे वाया घालवून शोधून काढलं होतं.

नुकतं उजाडत होतं. तळ्याच्या काठावर शिट्टीसर उभे होते. त्यांचं खरं नाव पोहण्याच्या तलावावरच्या पाटीवर लिहिलेलं असे, पण ते तोंडाने कमी आणि शिट्टीने जास्त बोलत, त्यामुळे ते नाव पाटीवरच राहिलं होतं. त्यांच्या शेजारी स्कूटर लावून, डिकीत पाण्याच्या बाटल्या आणि उकडलेले बटाटे भरून, बंबवाली उभी होती. ती अग्निशमन दलात होती. तेहतीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी. रोज सकाळी तलावात शेजारच्या लेनमध्ये पोहायची आणि कोणी मागे पडलं तर त्याच्याकडे बघायची नाही, एवढी सभ्य.

"ही आज कशाला?" ताईने सरांना हळूच विचारलं होतं.

"पाणी द्यायला," सर म्हणाले, आणि शिट्टी तोंडात घातली. म्हणजे विषय संपला.

पाणी द्यायला एवढी मोठी बाई लागत नाही, हे ताईला कळत होतं. पण न कळल्यासारखं दाखवण्यात ती तरबेज होती.

स्पर्धा पाच आठवड्यांवर आली होती. तिचा हिशोब ऐकला की दुकानातल्या बायका कपाळाला हात लावत: आधी जवळपास चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल मारायची, आणि तेवढ्यानेही समाधान झालं नाही तर बेचाळीस किलोमीटर पळायचं. सगळं एकाच दिवशी. "आणि मग काय मिळतं?" एकीने विचारलं होतं. "गळ्यात एक बिल्ला घालतात," ताई म्हणाली होती. "पडदा लटकवायला उपयोगी पडेल."

धाकटीला दिसत नव्हतं. अकराव्या वर्षापासून नजर कडेकडेने मिटत आली आणि बाविसाव्या वर्षी जे काही उरलं होतं तेही गेलं. अशा स्पर्धकासोबत एक गाइड लागते: पाण्यात दोरीच्या दुसऱ्या टोकाला, जोडसायकलवर पुढच्या सीटवर, पळताना हाताला. पहिल्या हातापासून शेवटच्या पावलापर्यंत तीच एक. मध्ये बदलता येत नाही. आणि साडेदहा तासांत सायकलवरून उतरला नाहीत, तर दोघींनाही गाडीत बसवून परत आणतात. म्हणून सरांनी आजचं माप ठरवून दिलं होतं. पोहणं पूर्ण, सायकल दीडशे किलोमीटर, हे सगळं साडेआठ तासांत. बसलं तर जायचं.

नाही बसलं तर काय, ते सरांनी सांगितलं नव्हतं. बाटल्या भरून आणलेली बंबवाली समोर उभी होती, वेगळं सांगायची गरज नव्हती.

शिट्टी वाजली. साडेपाच. दोघी पाण्यात शिरल्या.

ताई सेहेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकली होती, तेही हौस म्हणून नाही. धाकटीला एक दिवस पोहावंसं वाटलं आणि तलावावरच्या माणसाने सांगितलं, सोबत कोणीतरी पाण्यात उतरलं पाहिजे. ताईने आयुष्यात कधी बादलीपेक्षा खोल पाण्यात पाय घातला नव्हता. महिनाभर नाकातोंडात पाणी घेऊन ती शिकली. मग सायकल आली, मग पळणं आलं. एकदा दोरीचं एक टोक धरलं की दुसऱ्या टोकाला जे सुचेल ते करत जावं लागतं. ताईचं लग्न झालं होतं, आणि मग ते नव्हतं. त्याबद्दल घरात फार बोलणं होत नसे. दुकानात तिला सगळे इंचपट्टी म्हणत. खिडकीकडे नुसती बघून ती उंची सांगायची आणि मग टेप लावला तर पाव इंचाचा फरक निघायचा नाही. एकोणतीस वर्षांत तिच्या हातून एक पडदा तोकडा गेला नव्हता. बाकी तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, असं ती स्वतःच म्हणायची. पण पहाटे तळ्यावर फिरायला येणारी माणसं त्या दोघींना पाण्यात एका लयीत हात मारताना बघून थांबायची. ताईला ते थांबणं माहीत होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

पाण्यात बोलता येत नाही. डावीकडे वळायचं तर एक धक्का, उजवीकडे तर दोन, थांबायचं तर कोपराने कोपर. वर्षभरापूर्वी दोरी नेहमी मागे ताणली जायची. धाकटी अर्धा हात मागे असायची. सहा महिन्यांपूर्वी ती पुढे ताणली जाऊ लागली. आणि गेले तीन आठवडे दोरी कुठेच ताणली जात नव्हती. ना पुढे ना मागे. पाण्यात नुसती तरंगायची.

हे ताईच्या हाताला, म्हणजे मांडीला, कळलं होतं. तिने त्यावर विचार केला नव्हता. काही गोष्टी शिवणीच्या आत दुमडून ठेवता येतात.

बाहेर आल्या तेव्हा घड्याळात एक तास चौपन्न मिनिटं झाली होती.

"किती?" धाकटीने कानातलं पाणी झटकत विचारलं.

"एक सत्तेचाळीस," ताई म्हणाली.

"अरे वा," धाकटी म्हणाली.

धाकटीकडे पूर्वी एक बोलणारं घड्याळ होतं. बटण दाबलं की आतली बाई वेळ सांगायची. ताईला ती बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही. "एका वेळी एकच बाई तुझ्या कानात बोलेल," तिने बजावलं, "ती किंवा मी." धाकटीने हसत घड्याळ खणात टाकलं. तेव्हापासून वेळ सांगणं हे ताईचं काम. ती पाव इंचाचीही चूक न करणारी बाई, तिला घड्याळाच्या बाबतीत कोण विचारणार होतं? तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा तिने चार मिनिटं कमी सांगितली. धाकटी त्या दिवशी दमली होती, तिला जरा बरं वाटावं म्हणून. म्हणजे ताईने स्वतःला तसं सांगितलं.

*

जोडसायकलची एक गंमत असते. दोघींची पायडलं एकाच साखळीने जोडलेली. एकीने पाय थांबवले तर दुसरीचे थांबतात. एकीने जोर केला तर दुसरीला तो तळपायात कळतो. तोंडाने काहीही सांगा, पाय खरं बोलून जातात. त्यामुळे ताई सायकलवर जरा जास्तच बडबडायची.

"उजवीकडे शाळा. मैदानात गुरुजी एकटेच बॅडमिंटन खेळतायत."

"एकटे कसे खेळतात?"

"मारतात आणि पळत पलीकडे जातात."

मागून हसण्याचा धक्का सीटला जाणवला. "पुढे?"

"पुढे चढ. तीन, दोन, एक, गिअर. डावीकडे एका घराच्या गच्चीत निळी चादर वाळत घातलीय. कापड बरं आहे. शिवण वाकडी."

"तू कोणाच्या चादरीला सोडणार नाहीस."

यातलं किती खरं होतं, हे ताईलाही कधी कधी नक्की सांगता आलं नसतं. शाळा होती, मैदान होतं. गुरुजी बहुधा नव्हते. धाकटीची नजर मिटत होती त्या वर्षांत ताईने तिला रस्ते सांगायला सुरुवात केली, आणि लवकरच तिच्या लक्षात आलं की रस्ते मुळात फार कंटाळवाणे असतात. भिंत, खांब, भिंत. मग ती मधूनमधून थोडं भरायला लागली. कापडात शिवणीसाठी चार बोटं जास्त ठेवतात, तसं.

मागे शंभर पावलांवर बंबवालीची स्कूटर फटफटत होती. वीस किलोमीटरला एकदा ती बाजूला यायची, बाटली द्यायची, बटाटा द्यायची, मागे जायची. एकदाही 'दमलात का' विचारलं नाही. विचारलं असतं तर ताईला तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

सत्तर किलोमीटरनंतर उजवा गुडघा बोलायला लागला. आधी कुजबुज, मग कुरकुर. नव्वदच्या पुढच्या चढावर त्याने आवाज चढवला. ताईने दात आवळले आणि डाव्या पायावर भार घेतला. आणि त्याच क्षणी पायडलं हलकी झाली. अगदी अलगद, कोणी जड पडदा मागून उचलून धरावा आणि रिंगा आपोआप सरकाव्यात, तशी. मागच्या सीटवरून एक शब्द आला नव्हता.

"किती वाजले गं?" चढ संपल्यावर धाकटीने विचारलं.

ताईने मनगट पाहिलं. "अकरा चाळीस."

"बरंय मग. आहोत वेळेत."

"आहोत की."

डावीकडे कारखान्याची लांबलचक भिंत सुरू झाली. एरवी त्या इथून जात तेव्हा सव्वाअकरा वाजलेले असत. आत यंत्रांची घरघर चालू असे. आज भिंत अर्धी ओलांडली आणि आतून भोंगा वाजला. लांब, सावकाश, पोटात घुमणारा. मग यंत्रं एकेक करून थांबली.

पायडलं फिरत होती.

"बाराचा," धाकटी म्हणाली.

"पुढे असेल त्यांचं घड्याळ."

"वीस मिनिटं? एवढ्या मोठ्या कारखान्यात सगळ्यांना वीस मिनिटं आधी जेवायला सोडतात. चांगली माणसं दिसतायत."

ताईने पायांचा जोर वाढवला.

"ताई, सायकल बाजूला घे."

"मोमेंटम जाईल." हा शब्द तिने सरांकडून उचलला होता.

"जाऊ दे."

झाडाखाली दोघी उतरल्या. बंबवालीची स्कूटर मागे थांबली आणि तिथेच थांबून राहिली. ताई सायकलला टेकली. धाकटीने हाताने झाडाचं खोड शोधलं, पाठ टेकवली, आणि तिच्या त्या नेहमीच्या, समोरच्या माणसाच्या कानाच्या किंचित वरून जाणाऱ्या नजरेने ताईकडे पाहिलं.

"आधी चार मिनिटं खायचीस," ती म्हणाली. "मग सात. आज वीस. भूक वाढलीय तुझी."

"तुला कधीपासून..."

"पहिल्यापासून. मी पोहताना हात मोजते गं. कोणी सांगितलं नाही तरी मला अंदाज असतो. आणि उजवा गुडघा, आतली बाजू, हो ना?"

"कुठे काय. जरा आखडलाय."

धाकटीने घसा खाकरला आणि आवाज जाड केला. "स्त्री, वय एक्कावन्न. उजवा गुडघा. सांध्याच्या आतल्या बाजूची जागा कमी झालेली. हाडाच्या कडेला वाढ." पुन्हा खाकरली. "दर वाक्यानंतर असेच खाकरतात ना ते?"

ताईच्या हातातली बाटली तशीच राहिली. ते डॉक्टर खरंच खाकरत होते.

धाकटी दवाखान्यांचे रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टर मशीनमध्ये बोलून ठेवत, ते कानाला लावून ती झरझर टाइप करायची; ऑफिसात तिच्याइतका वेग कोणाला नव्हता. हे ताईला माहीत होतं. म्हणूनच तर तीन आठवड्यांपूर्वी ती गुडघ्याचा एक्स-रे काढायला मुद्दाम दोन बस बदलून नदीपलीकडच्या सेंटरमध्ये गेली होती.

"नदीपलीकडचं कामही आमच्याकडेच येतं," धाकटी म्हणाली. "सहा महिने झाले."

"तू बोलली नाहीस कधी."

"कुठल्या सेंटरचं टायपिंग कोणाकडे, हे पडद्याच्या दुकानात कोण विचारतं? आधी नाव आलं कानात. मला वाटलं, असेल दुसरी कोणी. मग वय आलं. मग मागे नेऊन परत ऐकलं." ती थांबली. "ते तुझं आडनाव चुकीचं म्हणतात. मी बरोबर टाइप केलं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. ताईने बाटलीवर बसलेली त्याची धूळ पुसली.

"तीन आठवडे गप्प बसलीस," ताई म्हणाली.

"गुप्ततेच्या कागदावर सही आहे माझी. घरी बोलले तर नोकरी जाते."

"आणि आज?"

"आज जाऊ दे नोकरी."

"म्हणून पाण्यात दोरी ढिली असते."

"तुला कळलं?"

"कापडाचा ताण कळतो मला. दुसरं काय कळतं?" ताईचा आवाज जरा चढला. "मला सांभाळत होतीस? गाइड मी की तू?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. सर दोनदा म्हणाले, बंबवालीला विचारू का. मी म्हटलं, ताई सोडेल तर सोडेल, मी नाही सोडणार. पण मला तिथे जायचंय गं, ताई." आता तिचा आवाज लहान झाला. "गाडीत बसून परत नाही यायचं. मला शेवटची रेघ ओलांडायचीय. आणि तुझ्याबरोबर ओलांडायचीय. हे दोन्ही एकदम होत नाहीये, हे मला रोज पायडलमध्ये कळतं. मी काय करू, तूच सांग."

ताईला खूप काही सांगता आलं असतं. पुढच्या वर्षी जाऊ, असं म्हणता आलं असतं. पुढच्या वर्षी ती बावन्न होणार होती आणि गुडघ्यातली जागा काही वाढणार नव्हती. तिने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"बारा वाजून नऊ मिनिटं," ती म्हणाली. "बस मागे. अजून पंचावन्न किलोमीटर आहेत."

"ताई..."

"आज पूर्ण करू. जे माप निघेल ते बघू. माप घेतल्याशिवाय मी कापड कापत नाही."

उरलेला रस्ता तिने फार बडबड केली नाही. चढ आला की चढ सांगितला, खड्डा आला की खड्डा. आणि धाकटीने न विचारता दर अर्ध्या तासाने वेळ सांगितली, मिनिटासकट. बारा एकोणचाळीस. एक दहा. एक एक्केचाळीस. दोन वाजले तेव्हा त्या अजून आठ किलोमीटर दूर होत्या. "दोन," ताई म्हणाली. "ठरल्याचे दोन इथेच वाजले."

मागून एक हात पुढे आला, तिच्या पाठीवर क्षणभर टेकला आणि परत गेला.

*

तळ्याकाठी सर वही घेऊन उभे होते. ताई सायकलवरून उतरली ती एका पायावर.

"आठ तास एक्कावन्न मिनिटं," सरांनी काही विचारायच्या आत ती म्हणाली. "एकवीस जास्त."

सरांनी वहीत पाहिलं. मग तिच्याकडे. "तुम्ही मला मागच्या आठवड्यात जे आकडे सांगितले, त्यावरून..."

"ते चुकीचे होते. मीच चुकीचे सांगितले."

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. शिट्टीत बसेल असं काही त्यांना सुचलं नसावं. "अजून पाच आठवडे आहेत," ते शेवटी म्हणाले. "गुडघ्याला पट्टा लावून, थोडा व्यायाम..."

"सर, तोकडा पडदा खाली ओढून लांब होत नाही. वरून हुक निसटतात फक्त." तिने बूट बदलले. "पळायचे बारा किलोमीटर अजून आहेत ना? तळ्याला चार फेऱ्या. पहिली मी घेते."

पळायची दोरी वेगळी होती. हातभर लांब, दोन्ही टोकांना मनगटात अडकवायच्या दोन कड्या, दुहेरी शिवणीच्या. दोघी निघाल्या. ताई लंगडत होती आणि लपवत नव्हती; धाकटी तिच्या लंगडण्याला पाऊल जुळवून हळू पळत होती आणि तेही लपवत नव्हती. इतक्या दिवसांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

"उजवीकडे बाक. बाकावर आजोबा. पेपर उलटा धरलाय."

"खरंच?"

"नाही. सरळ धरलाय."

धाकटी हसली. "उलटाच बरा होता."

तळ्याच्या टोकाला जुनं पंपघर होतं. कंबरेएवढी भिंत त्याच्याभोवती. या तळ्यावर दोघी लहानपणी यायच्या, तेव्हा ती भिंत पिवळी होती, आणि तिच्यावर एक मांजर बसलेलं असायचं, पाय पसरून, घरच्यासारखं. धाकटीने नीट पाहिलेल्या शेवटच्या गोष्टींपैकी ते एक. पुढे सगळं धूसर झालं तरी ती विचारत राहिली आणि ताई सांगत राहिली.

"भिंत आली का?"

"आली."

"मांजर?"

"आहे."

"काय करतंय?"

"पंजा चाटतंय."

"चौतीस वर्षांचं झालं आता ते," धाकटी म्हणाली. "दात कसे आहेत?"

"मऊ खातं."

फेरी संपली तिथे बंबवाली दोन बाटल्या घेऊन उभी होती. ताईने बाटली घेतली नाही. तिने कंबरेच्या पिशवीतून टेप काढला. टेप आणि सुईदोरा तिच्याजवळ झोपतानाही असे, असं धाकटी म्हणायची.

"सरळ उभी राहा," ती बंबवालीला म्हणाली. "पळताना असतो तसा हात धर. कोपर एवढं बाहेर कशाला? बरं, असू दे, तुझी सवय असेल तर असू दे. छोटे, तू इकडे ये. तिच्या डावीकडे."

तिने दोघींच्या मनगटांमधलं अंतर मोजलं. मग एकदा स्वतःच्या डोळ्यांनी मोजलं आणि टेपवर विश्वास ठेवला. दोरीपेक्षा साडेचार इंच जास्त. ती बाकावर बसली आणि दोरीच्या एका टोकाची कडी उसवायला लागली. आपल्या बाजूची. त्या कडीचं कापड इतक्या दिवसांत घामाने आणि वापराने तिच्या मनगटाच्या आकाराचं झालं होतं. उसवलं तरी लगेच सरळ होईना.

"ऐक," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "पायरी आली तर पायरी म्हणायचं नाही. चढायचं असलं तर 'वर', उतरायचं असलं तर 'खाली'. वळण तीन पावलं आधी सांगायचं. ही चिडली की डावा खांदा उचलते, तेव्हा बोलू नकोस. भूक लागली की मस्करी करते, तेव्हा लगेच खायला दे. आणि घड्याळ..." ती थांबली. "घड्याळ आहे तसं सांगायचं."

"हो, ताई," बंबवाली म्हणाली.

"आणि काहीतरी दाखवत जा. नुसतं डावं-उजवं करू नकोस. तिला बेचाळीस किलोमीटर भिंत आणि खांब ऐकून वेड लागेल."

"काय दाखवू?"

"दिसेल ते. तिकडे पंपघराची भिंत येईल, ती पिवळी आहे."

बंबवालीने मान वळवून पाहिलं. तळ्याच्या पलीकडे भिंत उन्हात स्वच्छ दिसत होती. "पांढरी आहे, ताई. चुना दिलेला."

"पिवळी आहे."

बंबवालीने पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं, मग ताईकडे. "पिवळी आहे," ती म्हणाली.

धाकटी तोंड तळ्याकडे करून उभी होती. तिचा डावा खांदा उचललेला होता, म्हणून दोघी तिच्याशी बोलल्या नाहीत. ताईने पिशवीतल्या पट्टीचा नवा तुकडा जोडला, कडी मोठी केली, टाके दुहेरी घातले, ताणून बघितलं. मग बंबवालीच्या मनगटात अडकवली. दोन बोटं घालून पाहिली. तिसरं जात नव्हतं.

"ताई," धाकटी म्हणाली.

"हं."

"तू कुठे असशील?"

"इथेच."

"इथेच म्हणजे कुठे? मला नीट जागा सांगत जा."

पण ताई दाताने दोरा तोडत होती, त्यामुळे तिला उत्तर देता आलं नाही.

त्या दोघी निघाल्या. पहिली शंभर पावलं अडखळत गेली. एकीचं पाऊल लांब, दुसरीचं आखूड. मग बंबवालीने काहीतरी म्हटलं, धाकटीने काहीतरी म्हटलं, आणि पावलं जुळली. किती पटकन जुळली, हे ताईने नजरेने मोजलं. मग मोजायचं थांबवलं. धाकटी पळत होती. म्हणजे खरीच पळत होती, ताईने तिला कधी पाहिलं नव्हतं तशी, कारण ताई नेहमी तिच्या शेजारी असायची आणि शेजारून माणूस पूर्ण दिसत नाही. तिची पाठ ताठ होती. वेणी दोन्ही खांद्यांवर आलटूनपालटून आपटत होती.

सर जवळ येऊन उभे राहिले. शिट्टी वाजवली नाही. एक बाटली बाकावर ठेवून गेले.

ताई उठली. तळ्याच्या कडेकडेने, एका हाताने गुडघा धरत, पंपघरापर्यंत गेली. बराच वेळ लागला. तोवर त्या दोघींची एक फेरी होऊन गेली होती आणि दुसरी अर्ध्यावर आली होती. भिंतीचा चुना हाताला लागत होता. ती आधी टेकली, मग कष्टाने वर चढून बसली, आणि दुखरा पाय भिंतीवर लांब पसरला. ऊन कलतं होतं. दगड गरम होता. बरं वाटलं.

पावलं जवळ आली. दोन माणसांची, पण एकाच ठोक्याची.

"पुढे वळण," बंबवालीचा आवाज आला. "तीन, दोन, एक. डावीकडे पंपघर. पिवळी भिंत."

"मांजर आहे का?" धाकटीने विचारलं. श्वास लागलेला होता, पण मजेत होती.

बंबवालीने वर पाहिलं. ताईने श्वास रोखून धरला. धाकटीला एवढ्या लांबूनही श्वास ओळखू येतो.

"आहे," बंबवाली म्हणाली. "पाय पसरून बसलंय."

धाकटीचं एक पाऊल चुकलं. दोरी क्षणभर ताणली गेली, मग ढिली झाली, मग पुन्हा जशी असायला हवी तशी झाली.

"कोणता पाय?" तिने विचारलं.

"उजवा."

भिंतीजवळून जाताना तिने मोकळा हात बाजूला काढला आणि दगडावरून बोटं फिरवत नेली, जेवढी भिंत होती तेवढी. मग वळण आलं आणि दोघी झाडांमागे गेल्या.

ताई बसून राहिली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपला हात अजून अंगापासून थोडा लांब, मूठ मिटून, बाजूला धरलेला आहे. पलीकडे कोणी पळत असावं तसा. तिने तो जवळ घेतला आणि मांडीवर ठेवला. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि कोणी विचारलं नव्हतं तरी वेळ मोठ्याने सांगितली.

"चार वाजून सदतीस मिनिटं."